सर्कारद केलस, देवर केलस. पण मालकी कोणाची?

मलकपेठेत माझी मावशी राहते. बीदरहून हैदराबादची बस धरायची, महात्मा गांधी बस स्थानकावर उतरायचे आणि मुशी नदी ओलांडली की मावशीचे घर आलेच. लहानपणी आम्ही चादरघाटच्या पुलावरून रिक्षाने जायचो. २०१८ मध्ये मेट्रोची ही मार्गिका सुरू झाली, तेव्हापासून मलकपेठ बस स्थानकापासून एका स्टेशनाच्या अंतरावर आले. एका बाजूला रेसकोर्स, दुसरीकडे टेकडीवरचा आस्मानगड, आणि मुसा रेमो या फ्रेंच सरदाराचे नाव लोकांच्या तोंडी 'मुसाराम' होऊन बसलेली मुसारामबाग. अशा या जुन्या वस्तीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी या चारही बोली एकाच गल्लीत ऐकू येतात.

मावशीचे घरही तसेच. ती निवृत्त शिक्षिका. मराठी शिकवून तिची हयात गेली. सून धारवाडकडची, म्हणजे माहेरची भाषा कन्नड. नातू शाळेत तेलुगू शिकतो, आजीशी मराठी बोलतो आणि आईशी भांडायचे असेल तर कन्नडमध्ये भांडतो. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना अशा घराची ओळख वेगळी करून द्यायला नको.

गेल्या दिवाळीत मी गेले, तेव्हा मावशीने कपाटातून एक जुनी सीडी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "यात माझ्या आईच्या ओव्या आहेत. आता तू आलीस, तर एवढे काम करून जा."

हकिगत अशी. निवृत्तीनंतर मावशीने आपल्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, जात्यावरच्या ओव्या आठवून आठवून वहीत उतरवल्या होत्या. काही तिच्या सासूकडच्या, म्हणजे कन्नड 'बीसुकल्लिन पद'. साधारण पंधरा वर्षांपूर्वी जवळच्या एका डीटीपीच्या दुकानातून तिने ते सगळे टाइप करून घेतले. वही पुढे घर बदलताना हरवली. उरली ती सीडी. आणि सीडीतली फाइल आजच्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि कंस यांची नुसती खिचडी!

आम्ही दोघी त्या दुकानात गेलो. आता तिथे मुख्यतः झेरॉक्सचे काम चालते. मालकाच्या मुलाने फाइल पाहताच ओळखले, की ही जुन्या सॉफ्टवेअरमधली आहे, त्याच्याशिवाय उघडणार नाही. ते सॉफ्टवेअर एका सरकारी संस्थेने तयार केलेले. संस्थेचे नाव इथे सांगायचे कारण नाही. दुकानात ते रीतसर विकत घेतलेले होते आणि एका जुन्या संगणकावर अजून चालतही होते. मुलगा मोठ्या आपुलकीने म्हणाला, "अजी मॅडम, गव्हर्मेंट का सॉफ्टवेअर है, सबका है. पेन ड्राइव्ह लाओ, डालके देतूं."

मावशी खूश. "बरोबरच आहे. आपल्याच कराच्या पैशातून झाले, म्हणजे आपलेच की!"

मी मात्र थबकले. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, कायद्याची कलमे मुलांकडून घोकून घेते. पण 'सरकारच्या पैशाने झाले ते सगळ्यांचे' हे वाक्य खरे की खोटे, हे मला त्या क्षणी छातीठोकपणे सांगता येईना. बरोबर आलेला नातू सगळे ऐकत होता. त्याने विचारले, "आत्या, मग ही कॉपी चोरी होते का?" मुलाने एवढे सरळ विचारल्यावर उत्तर शोधणे भागच होते. ते शोधताना जे हाती लागले, ते आज वाचकांसमोर ठेवते आहे.

कायदा काय म्हणतो?

बंगळूरच्या विधानसौधावर कोरलेले 'सर्कारद केलस, देवर केलस' हे वाक्य आपल्याला पाठ आहे. सरकारचे काम ते देवाचे काम. आपल्या कॉपीराइट कायद्यातही 'सरकारी कृती' अशी एक व्याख्या आहे. पण तिथे देव नाही, मालक आहे.

कॉपीराइटला मराठीत आपण 'स्वामित्वहक्क' म्हणतो आणि कन्नडमध्ये 'हक्कुस्वाम्य'. शब्द तेच, फक्त क्रम उलटा. आपला कायदा १९५७ चा. संगणक प्रणाली ही कायद्याच्या दृष्टीने 'साहित्यकृती' आहे. म्हणजे कादंबरीला जे संरक्षण, तेच सॉफ्टवेअरला. सरकारने किंवा सरकारच्या निर्देशाखाली वा नियंत्रणाखाली केलेली किंवा प्रसिद्ध केलेली कृती ही 'सरकारी कृती', आणि वेगळा करार नसेल तर तिचे पहिले मालक सरकार, असे कलम १७ सांगते. सरकारी उपक्रमांसाठीही अशीच तरतूद आहे. तिथे मालकी त्या उपक्रमाची.

ही मालकी किती काळ? प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे. म्हणजे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एखाद्या सरकारी सॉफ्टवेअरवरचा हक्क २०६५ साल संपेपर्यंत चालेल. आज शाळेत जाणारा मावशीचा नातू तोवर आजोबा झालेला असेल, आणि ज्या संगणकावर ते सॉफ्टवेअर चालायचे, तो संग्रहालयातही सापडणार नाही!

काही सरकारी मजकुराला कायद्यानेच सूट आहे. राजपत्रात छापलेला मजकूर, न्यायालयांचे निकाल, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल यांचे पुनर्मुद्रण ठरावीक अटींवर कोणालाही करता येते. पण त्या यादीत सॉफ्टवेअर नाही. सॉफ्टवेअरच्या कायदेशीर प्रतीचा धारक स्वतःच्या वापरासाठी, किंवा मूळ प्रत बिघडली तर हाताशी असावी म्हणून, राखीव प्रत काढू शकतो. ती शेजाऱ्याला वाटणे मात्र त्यात बसत नाही. उलट, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणे हाही गुन्हा आहे. कलम ६३ ब प्रमाणे त्याला किमान सात दिवसांची कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे.

थोडक्यात, झेरॉक्सवाल्या मुलाचे मन मोठे होते, पण जे तो देऊ पाहत होता, ते त्याचे नव्हते.

पैसा एकाचा, हक्क दुसऱ्याचा

इथे आणखी एक गाठ आहे. 'सरकारी पैशाचे' आणि 'सरकारचे' या दोन गोष्टी वेगळ्या. सरकारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून प्रणाली लिहिली तर प्रश्न सोपा. पण सरकारने खासगी कंपनीकडून काम करून घेतले, तर हक्क कोणाचा हे करारातल्या मजकुरावर ठरते. विद्यापीठाला संशोधनासाठी अनुदान दिले, तर आणखी तिसरा मामला. २००० साली केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाने सूचना काढल्या, की अनुदानातून झालेल्या संशोधनाचे हक्क संबंधित संस्थेने स्वतःकडे ठेवायला हरकत नाही. डिसेंबर २००८ मध्ये, अमेरिकेतल्या १९८० च्या एका कायद्याच्या धर्तीवर, याबाबतचे विधेयकही राज्यसभेत आले. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि २०१४ मध्ये ते मागे घेतले गेले. टीकाकारांचा मुद्दा मावशीच्या मुद्द्यापेक्षा फार निराळा नव्हता: लोकांनी एकदा करातून पैसे मोजायचे आणि तीच वस्तू वापरायला पुन्हा मोजायचे, हे कसे?

याउलट अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतींवर त्या देशात कॉपीराइटच नसतो. १९७६ च्या त्यांच्या कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. मावशी तिथे असती आणि सॉफ्टवेअर सरकारी कर्मचाऱ्यांनीच लिहिलेले असते, तर तिचे म्हणणे खरे ठरले असते. ठेकेदाराने केलेल्या कामाला मात्र तिथेही हा नियम तसाच लागू होत नाही.

फुकट, मुक्त आणि 'उचित'

आता तुम्ही म्हणाल, सरकारने भाषांची सॉफ्टवेअर फुकट वाटली होती ना? होय, वाटली होती. केंद्र सरकारचा भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानाचा कार्यक्रम १९९० च्या सुमारास सुरू झाला. त्यातून २००५ साली एप्रिलमध्ये तमिळची आणि जूनमध्ये हिंदीची फॉन्ट व साधनांची सीडी जाहीर झाली. पुढे मराठी, कन्नड आणि इतर भाषांच्या सीडी आल्या. कर्नाटकात त्याच दशकात कन्नड गणक परिषदेने राज्य सरकारच्या पाठबळावर केलेले 'नुडी' घरोघरी पोचले. आपल्या भागातल्या कित्येक लग्नपत्रिका, अर्ज आणि स्मरणिका त्यावर टाइप झाल्या. हे काम मोलाचे होते, यात शंका नाही.

पण फुकट मिळणे आणि मुक्त असणे यांत अंतर आहे. पाणपोईवर पाणी फुकट मिळते, म्हणून रांजण घरी नेता येत नाही. सॉफ्टवेअर मुक्त असणे म्हणजे त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेली मूळ संहिता, उघडी असणे; ती वाचण्याची, बदलण्याची, बदललेली प्रत दुसऱ्याला देण्याची लेखी परवानगी असणे. पदार्थ वाढणे वेगळे आणि कृतीची वही हातात देणे वेगळे.

आपल्या दोन भाषांची गंमत पाहा. कन्नडमध्ये 'उचित' म्हणजे फुकट, आणि मराठीत 'उचित' म्हणजे योग्य. मी मावशीला म्हटले, "कन्नडमधले उचित हे मराठीतले उचित असतेच असे नाही." वहिनी हसल्या, मावशीही हसली, पण नातवाला ते सर्वांत आधी समजले.

फुकट पण बंद सॉफ्टवेअरचा खरा तोटा पंधरा-वीस वर्षांनी कळतो. जुन्या फॉन्टमध्ये 'क' किंवा 'म' ही अक्षरे संगणकाला अक्षरे म्हणून ठाऊकच नसत. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपल्या अक्षरांची चित्रे बसवलेली असत, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची बसवण्याची तऱ्हा निराळी. फॉन्ट गेला की चित्रे जातात आणि उरते ती खिचडी. ते सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेनासे झाले, करणाऱ्याने लक्ष देणे थांबवले आणि सोर्स कोड बंद असला, की त्याची दुरुस्ती दुसरा कोणी करू शकत नाही. घर आपले, सामान आपले. पण कुलपाची किल्ली परगावी गेलेल्या माणसाकडे, अशी गत. कॉपीराइटचा प्रश्न कंपन्यांचा आणि वकिलांचा आहे असे आपण समजतो; पण त्या कुलपामागे माझ्या आजीच्या ओव्या होत्या.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. सॉफ्टवेअर कोणाचेही असो, त्यात टाइप केलेला मजकूर लिहिणाऱ्याचाच राहतो. पेन कंपनीचे म्हणून पत्र कंपनीचे होत नाही.

हैदराबादेतलेच एक उदाहरण

मग सरकारी पैशातून झालेले काम खरोखर लोकांचे झाल्याचे उदाहरण आहे का? आहे, आणि ते मलकपेठपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीला आहे.

१९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत 'अक्षर भारती' या नावाने काम करणाऱ्या गटाने भारतीय भाषांमधल्या यंत्र-अनुवादाचा विचार सुरू केला. विनीत चैतन्य आणि राजीव संगल हे त्यातले प्रमुख. त्यांनी आधार घेतला पाणिनीच्या व्याकरणाचा. आपल्या भाषांची वाक्यरचना एकमेकींशी एवढी मिळतीजुळती आहे, की एका भाषेतले वाक्य दुसरीत जवळजवळ शब्दाला शब्द लावून समजण्याजोगे नेता येते, हा त्यामागचा विचार. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पटवून द्यावे लागत नाही. 'नानु मनेगे होगुत्तेने' आणि 'मी घरी जातो' यांत शब्दांचा क्रम तसूभरही हलत नाही.

या प्रणालीचे नाव 'अनुसारक'. १९९० च्या दशकात हे काम हैदराबाद विद्यापीठात आले. केंद्राच्या भाषा तंत्रज्ञान कार्यक्रमाचे अर्थसाहाय्य त्याला मिळाले. कन्नड, तेलुगू, मराठी, बंगाली आणि पंजाबी या पाच भाषांतून हिंदीत नेणारे अनुसारक तयार झाले. म्हणजे आपल्या घरातल्या दोन्ही भाषा त्यात होत्या! पुढे १९९८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या ट्रिपल आयटीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत, हे काम चालू राहिले.

या मंडळींनी अनुसारक 'जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स' या परवान्याखाली दिले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली आणलेला हा परवाना. त्याचे सार असे: वापरा, उघडून पाहा, सुधारा, वाटा, मात्र सुधारून वाटाल तेव्हा पुढच्यालाही हेच स्वातंत्र्य द्या. इथे लक्षात घेण्यासारखे हे, की हा परवाना कॉपीराइट सोडून देत नाही, त्याच्यावरच उभा राहतो. मालक आहे, म्हणूनच तो परवानगी देऊ शकतो. हक्क राखून ठेवायला जेवढी सही लागते, तेवढीच तो मोकळा करायलाही लागते.

मला यातून मिळालेले उत्तर असे, की सरकारी पैसा लागला म्हणून एखादे सॉफ्टवेअर आपोआप लोकांचे होत नाही. कोणीतरी ठरवून, लिहून, सही करून ते लोकांचे करावे लागते.

जगात अशी आणखी उदाहरणे आहेत. आज आपण जे वेब वापरतो, ते युरोपातल्या देशांच्या पैशावर चालणाऱ्या 'सर्न' या प्रयोगशाळेत जन्मले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने एका छोट्या कागदावर लिहून दिले, की या सॉफ्टवेअरवरचे हक्क आम्ही सोडत आहोत. आपल्या अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत 'कोहा' हे सॉफ्टवेअर असते. ते न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागाच्या सार्वजनिक ग्रंथालय न्यासाने करून घेतले, २००० साली वापरात आणले आणि मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकले. ग्रंथालय केवढेसे, पण मन केवढे!

आपल्याकडेही वारे बदलले आहे. २०१५ साली केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे आणि सरकारी प्रणालींचा सोर्स कोड खुला करण्याचे अशी दोन धोरणे जाहीर केली. करोनाच्या काळात २ एप्रिल २०२० ला आलेल्या 'आरोग्य सेतु'चा अँड्रॉइडसाठीचा सोर्स कोड, लोकांनी आणि तज्ज्ञांनी आग्रह धरल्यावर, त्याच वर्षी २६ मे रोजी खुला झाला. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. १९५७ च्या कायद्यातले सरकारी मालकीचे कलम जागच्या जागी आहे, म्हणून प्रत्येक वेळी परवाना काय, हे पाहावेच लागते.

विरजण आणि एस.टी.

मावशीला मी हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "एस.टी. सरकारची, म्हणून मी घरी आणून लावू शकत नाही, हे मला कळते. मी आणली तर दुसऱ्याला चढायला मिळणार नाही. पण सॉफ्टवेअरचे तसे आहे का? ते तर विरजणासारखे आहे. शेजारणीला चमचाभर दिले, म्हणून माझे दही कमी होते का?"

वहिनींनी लगेच पुस्ती जोडली, "आमच्याकडे हेप्पु मागायला आलेल्या बाईला नाही म्हणत नाहीत."

यावर मी काय बोलणार? एवढा अचूक मुद्दा मला वर्गात कधी मांडता आला नव्हता. खासगी माणसाने दही विकून पोट भरायचे असेल, तर विरजण जपून ठेवण्यात गैर काही नाही. पण ज्या दह्याचे दूध गावाने घातले, त्याचे विरजण गावाला मिळाले पाहिजे, हा आग्रह रास्त आहे. फक्त तो आग्रह कायदा मोडून नव्हे, मागणी करून पुरा झाला पाहिजे. पेन ड्राइव्हवर गुपचूप घेतलेली प्रत एका घराचे काम भागवते. मागून घेतलेला परवाना सगळ्या गावाचे भागवतो.

अशी मागणी आपण करू शकतो. पंचायत, पालिका, शाळा, विद्यापीठ, कुठेही सार्वजनिक पैशातून सॉफ्टवेअर आले, की चार प्रश्न विचारावेत. याचे हक्क करारात कोणाकडे आहेत? परवाना कोणता? सोर्स कोड मिळणार का? आणि यात भरलेली माहिती उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल का? माहिती अधिकार कायदा २००५ खाली करारांची माहिती मागता येते. त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये कॉपीराइटच्या कारणाने अर्ज नाकारण्याची मुभा आहे. पण ती राज्यसंस्थेखेरीज दुसऱ्या कोणाच्या कॉपीराइटचा भंग होत असेल तरच. म्हणजे 'कॉपीराइट आमचाच आहे' एवढ्या कारणावर सरकारी कार्यालय आपल्याला परत पाठवू शकत नाही. सुरक्षा किंवा व्यापारी गुपित यांसारखी अन्य कारणे मात्र कायद्यात आहेत.

ओव्या बाहेर आल्या

आता मावशीच्या सीडीचे काय झाले, ते सांगते. आम्ही पेन ड्राइव्ह नेला नाही. त्या मुलाला विनंती केली, की तुझ्या दुकानातल्या रीतसर प्रतीवर फाइल उघड आणि आम्हाला कागदावर छापून दे. त्याने लगेच दिली. पैसेही फक्त छपाईचे घेतले. एकूण ४३ पाने निघाली.

मग घरी सगळ्यांनी मिळून ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. या युनिकोडची गोष्टही याच विषयातली आहे. भारत सरकारने आपल्या लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे प्रमाण ठरवले होते. प्रमाण जाहीर होते, कोणीही ते वाचू शकत होते. युनिकोड १९९१ साली आले, तेव्हा त्यातल्या देवनागरी, कन्नड वगैरे लिप्यांची मांडणी याच इस्कीच्या आधारे झाली, आणि आज ती जगातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. सरकारने ठरवलेला 'इन्स्क्रिप्ट' कळफलकही असाच सर्वांसाठी. त्यात देवनागरीचा 'क' ज्या कळीवर, कन्नडचा 'ಕ' ही त्याच कळीवर! एक लिपी टाइप करायला शिकले, की दुसरी निम्मी येते. लोकांच्या पैशातून झालेली वस्तू खुली ठेवली तर ती किती दूर जाते, याचा आणखी दाखला कशाला हवा?

नातू मराठी ओव्या टाइप करी, वहिनी कन्नड पदे टाइप करीत आणि मावशी खुर्चीत बसून मोठ्याने म्हणे. म्हणता म्हणता तिला पंधरा वर्षांपूर्वीच्या छपाईतल्या सात चुका सापडल्या, आणि वहीत राहून गेलेली एक ओवीही आठवली. चार संध्याकाळी गेल्या. दूरदर्शन संच त्या चारही संध्याकाळी बंद होता.

शेवटी छोटी पुस्तिका करायचे ठरले. नातवाने विचारले, "आजी, पहिल्या पानावर 'सर्व हक्क स्वाधीन' असे छापायचे का? सगळ्या पुस्तकांत असते."

मावशी म्हणाली, "हक्क कसले? या ओव्या माझ्या आईच्या, तिला तिच्या आईने दिल्या. पण लिहून मात्र ठेव. नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, विचारले कोणाला?" आणि तिने सांगितले ते नातवाने पहिल्या पानावर दोन्ही लिप्यांत टाइप केले: या ओव्या कोणीही म्हणाव्यात, उतरून घ्याव्यात, छापाव्यात. आपल्या घरची एखादी आठवली तर त्यात घालावी, आणि पुढच्याला अशाच द्याव्यात.

मी ते वाचले आणि मला हसू आले. मोठमोठ्या कार्यालयांना जे लिहून द्यायला वर्षे लागतात, ते मलकपेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने चहा गार होण्याच्या आत लिहून दिले होते.